इटर्बियम किती आणि कुठे?

महोदय,
'दुर्मीळ मृदा मूलद्रव्य मिसळले की उष्णतेपासून जास्त वीज मिळते', हे विधान अर्धवट आहे. उष्णतेपासून वीज बनवणाऱ्या कोबाल्ट अँटिमोनाइड या संयुगाच्याच स्फटिकात दर चार कोबाल्ट अणूंमागे एक पोकळी असते. तिथे सैल बसलेला इटर्बियम या दुर्मीळ मृदा धातूचा अणू थरथरतो आणि स्फटिकाच्या जाळीतून जाणारी उष्णता अडवतो; त्यामुळे वीज निर्माण करणारा तापमानातला फरक टिकतो. शिवाय तो इलेक्ट्रॉन देतो, म्हणून वीजवहनही सुधारते. मात्र साधारण 20 ते 30 टक्केच पोकळ्या भरतात. उरलेला इटर्बियम अँटिमनीशी संयोग पावून स्फटिककणांच्या सीमांवर साचतो.

हे संयुग बनवतानाही काळजी हवी. इटर्बियम हवेत गंजतो, म्हणून त्याचे वजन आरगॉन या निष्क्रिय वायूतच करावे. क्वार्ट्झ नळीला आतून कार्बनचा लेप हवा, नाहीतर धातू काचेशीच अभिक्रिया करतो. सुमारे 1100 अंश सेल्सिअसला वितळवून पाण्यात झटकन थंड केल्यावर 700 अंशांवर आठवडाभर तापवणे टाळू नये. हे संयुग द्रवातून थेट गोठत नाही. घाई केली की कमी अँटिमनीची संयुगे आणि सुटा अँटिमनी उरतो, आणि व्होल्टेज घटते.

म्हणून संशोधनाच्या बातम्यांत मिसळलेल्या प्रमाणाबरोबर स्फटिकात प्रत्यक्ष मोजलेले प्रमाणही छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक