नॉर्टनची रोटरी तेल पिते, आणि ते तिने प्यायलाच हवं

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर आलेल्या लेखाने नॉर्टनच्या रोटरी गाड्या, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाच्या मोटारसायकली, दोन ओळींत निकालात काढल्या : तेल पितात आणि टिकत नाहीत. पहिली गोष्ट खरी आहे, पण तो दोष नव्हे. दुसरी बऱ्याच अंशी मालकावर अवलंबून असते.

स्टॅफर्डशायरमधल्या शेन्स्टनच्या कारखान्यातून पोलिसांसाठी इंटरपोल 2 निघाली, 1987 मध्ये क्लासिकच्या अवघ्या 100 गाड्या झाल्या, त्यानंतर पाण्याने थंड होणारी कमांडर आणि 1990 मध्ये एफ1 आली. इंजिन दोन रोटरचं, 588 सीसीचं. याच घराण्याच्या रेसिंग गाडीवर स्टीव्ह हिस्लॉपने 1992 ची आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी ही सहा फेऱ्यांची शर्यत जिंकली. बिनभरवशाच्या इंजिनाला ते डोंगरी वळणांचं वर्तुळ सहा वेळा झेपत नाही.

आता तेलाबद्दल. या इंजिनात तेल फिरून परत टाकीत येत नाही. पंप मोजून थोडंथोडं तेल बेअरिंगांना देतो, तेच पुढे रोटरच्या सीलपर्यंत (रोटर आणि त्याभोवतीचं हाउसिंग यांतली फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) पोहोचतं आणि जळून जातं. शिवाय आत येणारी हवा आधी रोटरच्या पोटातून जाते, त्याची उष्णता घेते, एका मोठ्या पोकळीत थोडी निवते आणि मग कार्ब्युरेटरकडे वळते. बीएसए या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या काळापासून या इंजिनावर काम केलेल्या डेव्हिड गार्साइड यांची ही रचना. म्हणजे एअर फिल्टर तुंबला तर ताकद कमी होतेच, पण रोटरही तापतो. फिल्टर वेळेआधी बदललेला बरा.

यावरून एक उलटा नियम निघतो, जो पिस्टनच्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला पटकन पटत नाही. तेलाची पातळी उतरत नसेल तर खूश व्हायचं नाही, घाबरायचं. पंप देत नाही किंवा नळी तुंबली आहे, असा त्याचा अर्थ होतो आणि पुढचा बळी बेअरिंगचा असतो. दर वेळी पेट्रोल भरताना किती मैलांना किती तेल लागलं हे वहीत लिहावं. आकडा अचानक घटला की गाडी चालवणं थांबवून आधी पंप तपासावा. तेल जळून जात असल्यामुळे त्याची राख सीलच्या खाचांत आणि प्लगवर बसते, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडशी खेळ नको. गिअरबॉक्सचं आणि प्रायमरी चेनकेसचं (इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या चेनच्या डब्याचं) तेल वेगळं असतं, तेही विसरू नये.

विकत घेताना कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत, आणि नेहमीचा गेज लावून तर मुळीच तपासू नये. रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. एक बाजू मेलेली असली तरी तो चांगलंच सांगतो. रोटरीसाठीचा टेस्टर घ्यावा, नाहीतर गेजमधला व्हॉल्व्ह काढून सुईचे ठोके बघावेत. बॅटरी पूर्ण चार्ज, थ्रॉटल उघडा, दोन्ही प्लग बाहेर. एका रोटरचे तीनही ठोके सारखे पडायला हवेत. एकच ठोका कमी असेल तर त्या बाजूची साइड सील (रोटरच्या सपाट अंगावरची) अडकलेली असण्याची शक्यता. लागोपाठचे दोन कमी असतील तर संशय त्या दोन बाजूंमधल्या टोकाच्या सीलवर. तिन्ही सारखेच कमी असतील तर आधी बॅटरी आणि सीलवरून धुऊन गेलेलं तेल, आणि ते ठीक निघालं तर झिजलेलं हाउसिंग. इथे रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर घासून मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकायची सोय नाही. हाउसिंगच्या आतल्या बाजूवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो आणि तिचा आकारही गोल नसतो. लेप उडाला की दुसरं हाउसिंग शोधणं किंवा पुन्हा लेप चढवून घेणं, एवढंच हातात उरतं.

गाडी सुरू होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा फ्लडिंगची, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल साचल्याची असते. चोक ओढून इंजिन चालू केलं, गाडी गॅरेजबाहेर काढली आणि दोन मिनिटांत बंद केली, की जास्तीचं पेट्रोल सीलवरचं तेल धुऊन नेतं. कॉम्प्रेशन जातं आणि मग कितीही स्टार्टर मारा. अशा वेळी पेट्रोलचा कॉक बंद करून प्लग काढावेत. प्लगच्या वायरींना नीट अर्थिंग द्यावं (इंजिनाच्या धातूशी जोडाव्यात), नाहीतर इग्निशनचा बॉक्स जळायचा. थ्रॉटल पूर्ण उघडून आठ-दहा सेकंद स्टार्टर मारावा, मग प्रत्येक भोकातून चमचाभर, म्हणजे साधारण 5 मिली, इंजिन ऑइल सोडून पुन्हा दोन-तीन सेकंद फिरवावं. कोरडे, स्वच्छ प्लग लावून चोक न ओढता सुरू करावं. पाचेक मिनिटं पांढरा धूर निघेल. शेजारी तक्रार करतील, इंजिन करणार नाही. स्टार्टर सलग मारत राहिलात तर मात्र तो स्वतःच जळेल. प्रत्येक प्रयत्नानंतर मिनिटभर थांबावं.

प्लगच्या बाबतीत हयगय चालत नाही. चार-स्ट्रोकच्या दुप्पट वेळा, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला तो पेटतो आणि त्याला निवायला उसंत मिळत नाही. शिवाय जळण नेहमी हाउसिंगच्या एकाच बाजूला होतं, ती बाजू कायम भट्टीसारखी. जास्त लांबीचा प्लग बसवला आणि त्याचं टोक आत डोकावलं, तर समोरून जाणारी सील त्यावर आदळते. दुकानदाराने ‘चालेल’ म्हटलं तरी जुन्या प्लगशेजारी धरून लांबी जुळवावी. तापमानाचा हाच एकतर्फीपणा कमांडरमध्ये कूलंटच्या बाबतीत नडतो. आत हवा अडकली तर प्लगच्या भोकाजवळचा धातू सर्वांत आधी सोसतो. कूलंट दोन वर्षांनी बदलावं आणि भरल्यावर हवा पूर्ण काढावी.

ही इंजिनं चालवून कमी मरतात, उभी ठेवून जास्त. हिवाळ्यात गाडी ठेवायची असेल तर आधी ती पूर्ण तापेपर्यंत चालवावी, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडावं आणि दोन-तीन आठवड्यांनी इंजिन फिरवत राहावं. नाहीतर सील खाचांत चिकटतात आणि त्या जिथे टेकल्या असतील तिथे गंज बसतो.

पेट्रोलबद्दल : ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल ई10, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, झालं आहे. ऑक्टेनसाठी या इंजिनाला महागडं सुपर नको, ते कमी ऑक्टेनवरही निमूट चालतं. सुपर घ्यायचं ते त्यात इथेनॉल कमी असतं म्हणून. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधलं रबर ई10 मध्ये फुगतं आणि तडकतं. एसयू कार्ब्युरेटरवर गाडी थ्रॉटल देताच अडखळत असेल, तर जेट उघडण्याआधी कार्ब्युरेटरच्याच डॅम्परमधलं तेल बघा. बहुतेकदा तेच संपलेलं असतं.

सुट्या भागांबद्दल मात्र त्याच लेखाचा सूर फारच आशावादी होता. 2020 मध्ये टीव्हीएसने नॉर्टन घेतली म्हणून 1980 च्या दशकातल्या रोटरीच्या सील कारखान्यातून येतील, असं गृहीत धरून गाडी घेऊ नये. खरा आधार नॉर्टन ओनर्स क्लबमधल्या माणसांचा आणि एखाद्या निकामी इंटरपोलचा. गिअरबॉक्स ट्रायम्फच्या वंशातला असल्याने त्याची डोकेदुखी त्यामानाने कमी. कमांडरची चाकं, फोर्क आणि ब्रेक यामाहाचे. एफ1 मात्र वेगळी : तिचा गिअरबॉक्ससुद्धा यामाहाचा, त्यामुळे इतर रोटरींवरून भाग उचलताना सावध राहावं.

कागदपत्रांत व्ही5सी (ब्रिटनमधलं नोंदणीपत्र) वरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनाशी जुळवावा. पोलिसांकडून निघालेल्या गाड्यांची इंजिनं बदललेली असू शकतात. गाडी 40 वर्षांची झाली आणि तिच्यात मोठे बदल केलेले नसले, तर एमओटी, म्हणजे ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची राहत नाही. सुरुवातीच्या इंटरपोल आता त्या वयात आल्या आहेत. तरीही ब्रेकच्या नळ्या आणि बंद केसमधली मागची चेन वर्षातून एकदा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी. केस बंद असल्यामुळे ती चेन वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

– एक वाचक