फोटोतून रेषा वेचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपण माझ्या घराच्या दोन मजले वर राहता, तरीही हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे. ठाण्यात काय किंवा बाहेर काय, घरच्या घरी तांब्या-पितळेचे दागिने घडवणाऱ्या बऱ्याच जणी फोटोचे रेषाचित्र करताना मी जिथे अडले तिथेच अडतात आणि आपण मला जे शिकवले ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या एका ताईंनी आपल्या आजीचा जुना कृष्णधवल फोटो आणून दिला आणि त्यावरून ३० मिलिमीटरचे तांब्याचे पदक मागितले. मी गिम्प या चित्रे सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीची कृती केली. फोटो करड्या छटांत आणला, त्या लेअरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढून ती उलटी केली, म्हणजे काळ्याचे पांढरे, तिला गॉशियन ब्लर देऊन धूसर केले आणि ती खालच्या चित्राला उजळत त्यात मिसळावी म्हणून तिचा मोड डॉज केला. पेन्सिलीने काढल्यासारखे चित्र उमटले. मात्र ठरावीक छटेहून गडद ते काळे आणि बाकीचे पांढरे करणारा थ्रेशोल्ड लावताच गालांवर फोटोच्या दाण्यांचे ठिपके उठले, नथीचे मोती ओठाला चिकटले आणि थ्रेशोल्ड खाली आणावा तर डोळेच नाहीसे होऊ लागले. तीन रात्री यात गेल्या.

आपण वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून ट्रेसिंग पेपरवर शाईने काम केलेत आणि हे सॉफ्टवेअर कधी उघडलेही नव्हते. तरी आपला पहिलाच प्रश्न होता, की या कृतीतून रेषा उमटते कशी? मला सांगता आले नाही. मग आपणच कागदावर आकडे मांडून दाखवलेत, की जिथे छटा सलग आहे तिथे उलटी, धूसर प्रत मूळ चित्राला पुसून टाकते आणि पांढरे उरते; जिथे उजेड आणि सावली एकदम बदलते तिथेच दोन्हींत फरक पडतो आणि काळे शिल्लक राहते. म्हणजे संगणकाला नथीची कड आणि फोटोवरचा ओरखडा सारखेच. ते निवडणे माझ्याकडेच होते आणि मी तीन रात्री ते स्लायडरकडून करून घेऊ पाहत होते.

त्यानंतरची ती दुपार मला अजून डोळ्यांसमोर दिसते. फोटोची मोठी प्रत काढून आपण तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवलात आणि पेन माझ्याच हातात दिलेत. नथ, वरच्या पापण्या, कुंकू, डोक्यावरून घेतलेल्या पदराचा काठ इतके काढून झाल्यावर मी सुरकुत्यांकडे वळले, तेव्हा आपण मला थांबवलेत आणि ओठाच्या कडेची एकच सुरकुती ठेवायला सांगितलीत. ती रेषा ओढली आणि आजी हसऱ्या दिसू लागल्या. फोटोत त्या हसत होत्या, हे मला तोवर जाणवलेच नव्हते.

कागद स्कॅन करून इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ट्रेस बिटमॅपने त्याचे व्हेक्टर, म्हणजे लहानमोठे केले तरी न फाटणारे रेषाचित्र, करणे मला येत होते. रेषेची जाडी मात्र मी अंदाजाने ठेवत असे. आपल्या ड्रॉइंग पेनांची ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर ही मालिका आपण समोर मांडलीत. बाहेरची कड ०.५ ची आणि आतले तपशील ०.३५ चे ठेवायचे, म्हणजे ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) साधारण १२ आणि ८ पिक्सेल, हा हिशेब तेव्हापासून माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे. याहून बारीक रेषा मी टाळते, कारण तांबे कोरणारे फेरिक क्लोराइडचे द्रावण पत्र्यावर उतरवलेल्या टोनरच्या, म्हणजे लेझर प्रिंटरच्या शाईच्या, कडेने आतही शिरते आणि नाजूक रेष खालून खाऊन टाकते.

नथीची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने पत्र्यावर उतरवला, पत्रा द्रावणात पालथा बुडवून कोरला, घासूनपुसून चकचकीत केला आणि देण्याआधी आपल्याला दाखवायला आणला. आपण तो खिडकीपाशी नेलात आणि आजींची नथ उजव्या नाकपुडीत आहे, एवढेच शांतपणे म्हणालात. नथ डावीकडे असते हे मला ठाऊक होतेच. पत्र्यावर उतरताना चित्र उलटते, म्हणून आधी आरशातल्यासारखी प्रत छापायची असते, तेच घाईत राहून गेले होते. आपण पाहिले नसते तर एका घरातली आजी कायमची उलटी झाली असती. त्याच रात्री मी दुसरा पत्रा कापला.

ताईंनी पदक हातात घेतले आणि सगळ्यांत आधी त्या ओठाच्या कडेवरून बोट फिरवले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दोघी बहिणींनीही तेच पदक मागितले.

आपण पैसे घेतले नाहीत आणि काकूंनी तर उलट मलाच जेवायला बसवले. आपल्या दोघांच्या मायेबद्दल आणि आपण दिलेल्या वेळाबद्दल मी मनापासून आभारी आहे. एक विनंती मात्र आहे. तो ट्रेसिंग पेपर मी माझ्या फाइलमध्ये ठेवला आहे, तो माझ्याकडेच राहू द्यावा.

आपली नम्र,
पहिल्या मजल्यावरची आपली विद्यार्थिनी
नौपाडा, ठाणे