डाव्या बाजूची खुर्ची

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मॉरिशसच्या शाळेत तू मराठी शिकला आहेस, म्हणून वेंगुर्ल्याहून हे पत्र मराठीतच लिहीत आहे. आणि तुझे चांगुलपण चारचौघांना कळावे, म्हणून ते उघड लिहीत आहे.

ज्या प्रवासी संस्थेने आमचे सगळे पैसे आगाऊ घेतले, तिची गाडी मॉरिशसच्या विमानतळावर आलीच नाही आणि नंतर कोणी फोनही उचलला नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना परमुलखात असे ताटकळत ठेवणाऱ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तू केवळ माझ्या मैत्रिणीचा शेजारी, पण निरोप मिळताच धावत आलास आणि पुढे घरच्या मुलासारखा आमच्याबरोबर राहिलास.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट तू दाखवलास. 1834 ते 1920 या काळात जवळपास 5 लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, त्या घाटावर उतरले, त्यांत आपल्या रत्नागिरीकडचीही माणसे होती. तिथल्या दगडी पायऱ्यांपाशी हे कितीतरी वेळ गप्प उभे राहिले, तेव्हा तू जराही घाई केली नाहीस. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे आरतीला जमलेले जुने स्नेही एकाच दिवशी भेटले.

पण मला सर्वांत जास्त आठवते ती पहिली संध्याकाळ. मैत्रिणीच्या उजव्या हाताला बसून मी बोलत होते आणि ती नुसती हसत होती. ती मला विसरली, असे वाटून माझा गळा दाटून आला होता. तू काही न बोलता टीव्ही बंद केलास, माझी खुर्ची उचलून तिच्या डाव्या बाजूला ठेवलीस आणि बाहेर निघून गेलास. तिला त्याच कानाने ऐकू येते, हे तिच्या घरच्यांनाही त्या गडबडीत सुचले नव्हते. मग 1994 च्या होलांडा चक्रीवादळात तिच्या घरी आम्ही जागून काढलेली रात्र तिनेच मला बारकाव्यांसह सांगितली. मदत करणारे पुष्कळ भेटतात, परंतु समोरच्याला नेमके काय हवे आहे हे न विचारता ओळखणारी आणि उपकाराची जाणीवही होऊ न देणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत.

मे महिन्यात आईला घेऊन आमच्याकडे ये. आंबे तेव्हा भरपूर असतात, आणि माडीवरची खोली तुमच्यासाठीच ठेवली आहे.

तुझी,
वेंगुर्ल्याची मावशी