रविवारच्या जेवणात शेवळं: आधी वाचा

मंडळी, रविवारी शेवळं आहेत. ज्यांनी कधी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी: सुरणाच्या कुळातला हा कोंब पहिल्या पावसात ठाणे, पालघर, रायगडच्या रानात उगवतो आणि बाजारात जेमतेम काही आठवडे दिसतो. नीट केला नाही तर घसा खाजतो. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडांचा (ही छोटी हिरवी रानफळं) आंबट रस घालायचाच. गेल्या वर्षी मी नुसत्या चिंचेवर भागवलं होतं. ज्यांनी सोसलं त्यांची पुन्हा माफी!

एक पातेलं कोळंबीचं, एक वालाचं. कोळंबी चालत नसेल त्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा. नाक मुरडणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरी आहे, पण आधी शेवळांचा एक घास खाऊन.