‘ऑपरेशन खुकरी’ची कागदपत्रे खुली करा

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

लष्करी मोहिमांची कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांनी खुली व्हावीत, असे धोरण आपल्याच मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केले. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये वेढ्यात अडकलेल्या आपल्या जवानांना सोडवणाऱ्या ‘ऑपरेशन खुकरी’ला जुलै २०२५ मध्ये पंचवीस वर्षे झाली. म्हणून हे पत्र.

पराक्रमाबद्दल वाद नाही. मे २००० मध्ये तिथल्या ‘रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट’ (आरयूएफ) या संघटनेच्या बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहून या गावी आपल्या गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या वेढ्यात सापडल्या. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत, अडीच महिने तशीच कळ काढली. १५ जुलैच्या पहाटे, भर पावसाळ्यात, ब्रिटिश चिनूक हेलिकॉप्टरांनी लष्करी निरीक्षकांना आणि आजाऱ्यांना उचलले. बाकीचे लढत लढत पेंडेम्बूमार्गे दारू या गावातल्या तळावर पोहोचले. आपला एक हवालदार कामी आला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच.

पण मुळात ते तिथे अडकले कसे? सिएरा लिओनचे सरकार आणि बंडखोर यांच्यात १९९९ मध्ये झालेल्या लोमे शांतता करारात बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांकोह याला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला आणि वर हिऱ्यांसारख्या खनिजांचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! अशा करारावर विसंबून आपले जवान त्याच्या माणसांची शस्त्रे गोळा करायला गेले. तेव्हा दिल्लीत कोणी हरकत घेतली होती का?

पुढचे तर अधिकच गुंतागुंतीचे. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख होते आपले मेजर जनरल विजयकुमार जेटली. मोहिमेतल्या वरिष्ठ नायजेरियन अधिकाऱ्यांचे बंडखोरांशी आणि हिऱ्यांशी साटेलोटे आहे, असा आरोप करणारे त्यांचे टिपण सप्टेंबर २००० मध्ये फुटले. नायजेरियाने आरोप साफ फेटाळले. त्याच महिन्यात भारताने आपली सुमारे तीन हजारांची तुकडी मागे घेण्याचे जाहीर केले. आणि खुकरीत तर नायजेरियाची बटालियनही आपल्या बरोबरीने उतरली होती! मग खरे काय, आणि माघारीचा निर्णय नेमका कशावरून झाला?

या मोहिमेचा पत्रव्यवहार परराष्ट्र खात्याकडे आहे, असे उत्तर कृपया नको. त्या धोरणातल्या समितीत त्या खात्याचाही प्रतिनिधी आहे. दिल्ली, न्यूयॉर्क आणि सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन यांच्यातला पत्रव्यवहार राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना वाचायला मिळावा. जे रोखायचे ते रोखा, पण काय रोखले आणि का, याची यादी तेवढी द्या.

आपला,
एक करदाता वाचक