पुडी घरपोच मिळते, पण तबला लावून कोण देणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढात माझ्या तबल्याची शाई, म्हणजे कातड्यावरचा मधला काळा लेप, उडाली. कोल्हापूरच्या पावसात कातड्याच्या वाद्यांची अशी दैना दरवर्षीच होते, आणि एरवी मी तबला पिशवीत घालून आमच्या नेहमीच्या कारागिराच्या दुकानात गेलो असतो. या वेळी मात्र मुलाने मोबाइलवर पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावर चढवायचे शाई घोटलेले कातडे, दाखवली; ती दुकानापेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त होती, म्हणून मीही हो म्हणालो. चार दिवसांत पुडी दारात आली. ‘सर्व पट्ट्यांसाठी (म्हणजे कोणत्याही मूळ स्वरासाठी) उपयुक्त’ असे तिच्या वर्णनात लिहिले होते. पुडी चढवणे मला येते. वादी (ताण देणारी कातड्याची पट्टी) भिजवून, गजरा (पुडीची विणलेली कड) बसवून ती घातली आणि वादीखालचे लाकडी गट्टे ठोकत स्वर वर नेऊ लागलो, तर तो पेटीच्या पांढरी एक या स्वराच्या पुढे जाईना. आमच्या भजनी मंडळाची पट्टी काळी एक, म्हणजे त्याहून अर्धा स्वर वर. गजऱ्यावर आणखी दोन ठोके दिले आणि किनारीजवळ कातडे फाटले. वापरलेली पुडी परत घेत नाहीत, हा नियम मला मान्य आहे; माझी तक्रार त्याबद्दल नाही.

शेवटी तीच फाटकी पुडी घेऊन दुकानात गेलो. कारागिराने मैदान, म्हणजे शाई आणि किनार यांच्यामधले कातडे, अंगठ्याने दाबून पाहिले, शाईवर नख वाजवले आणि सांगितले, “ही शाई सहा इंची तोंडाच्या तबल्याची आहे, साडेपाच इंचाच्या पुडीवर घोटलीय. एवढं वजन घेऊन ती वर चढणार कशी?” लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ यांचा लेप एकावर एक थर देत, प्रत्येक थर दगडाने घोटत ही शाई बनते. ती किती जाड ठेवायची, कुठे उतरती करायची, हे लाकडाचे तोंड आणि वाजवणाऱ्याची पट्टी पाहून ठरते. याच शाईमुळे आपल्या तालवाद्यांतून नुसता आवाज न निघता स्वर निघतो, आणि १९२० मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यामागचे शास्त्र जगापुढे मांडले होते. आमच्या कारागिराने रामन वाचलेले नाहीत, पण नखाच्या एका टिचकीत त्याला जे कळले ते मला त्या वर्णनाच्या दहा ओळी वाचूनही कळले नव्हते.

इंटरनेटने संगीताच्या छंदाचे नुकसानच केले, असे मी मुळीच म्हणणार नाही. थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांचे वास्तव्य लाभलेल्या, गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्या आणि १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था चालवणाऱ्या या गावातही, जुनी ध्वनिमुद्रिका ऐकायची तर कोणा रसिकाच्या घरी जाऊन बसावे लागे, नाहीतर कॅसेटवर कॅसेट उतरवून घ्यावी लागे आणि तिसऱ्या प्रतीत खरखरच जास्त असे. आज केसरबाई केरकरांचे किंवा मोगूबाई कुर्डीकरांचे गाणे गगनबावड्यातल्या मुलीलाही मोबाइलवर ऐकता येते. तानपुऱ्याचे अॅप लावून ती एकटीने रियाज करू शकते. माझ्या तरुणपणी हे मिळाले असते तर मी अधिक चांगला वाजवला असता, असे मला मनापासून वाटते.

माझे म्हणणे दुकानाच्या हिशेबाविषयी आहे. आमचा कारागीर तबला स्वरात लावून देण्याचे पैसे कधीच घेत नसे; उलट चहा पाजत असे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात त्याच्या दारात तबले, ढोलक्या आणि पखवाजांची रांग लागे, तेव्हाही सैल वादी ओढून देणे फुकटच. त्याला ते परवडत असे, कारण पुडी त्याच्याकडची, डग्गा त्याच्याकडचा, पेटीही बहुधा त्यानेच आणून दिलेली. विक्रीच्या नफ्यावर दुरुस्तीचे हे सगळे कसब पोसले जात होते. आता विक्री मोबाइलवर गेली आणि दुरुस्ती तेवढी दुकानात उरली. मुले तेथे येतात, तीन तबले वाजवून पाहतात, कोणते लाकूड चांगले ते विचारून घेतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन दुसरीकडून मागवतात. पुडी बसली नाही की पुन्हा त्याच्याच दारात! मीही तेच केले, आणि त्याने नवी पुडी घालून दिली तेव्हा लावणावळ विचारायचेही मला सुचले नाही. त्याची दोन्ही मुले आज दुसऱ्या नोकरीत आहेत.

शेजारच्या मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहेच. त्या मानांकनाने नावाची नक्कल रोखता येईल. पण जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून तारांना गुंजन आणणारा हात तयार व्हायला जी वर्षे लागतात, त्या काळात शिकणाऱ्याच्या पोटाचे काय, याची सोय त्यात नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार आहेत, खेळणी करणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. वाद्य घडवणाऱ्यांचा मात्र वेगळा उल्लेख नाही. तबल्याचा कारागीर लाकूड, कातडे आणि लोखंड या तिन्हींचे काम करतो, तरी अर्जावर त्याने कोणता व्यवसाय लिहायचा? आपल्या लोकप्रतिनिधींनी हा एकोणिसावा व्यवसाय यादीत घालण्याचा आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे.

तोवर गावाने करण्यासारखे पुष्कळ आहे. शिवाजी विद्यापीठाच्या संगीत विभागाने दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन अशा कारागिरांच्या हाताखाली पाठवावे. भजनी मंडळांनी आणि संगीत विद्यालयांनी वर्षाच्या पुड्या एकरकमी स्थानिक दुकानातून घ्याव्यात. आणि दुकानदारांनी संकोच सोडून तबला लावण्याचा, पेटीचे सूर मिळवण्याचा दर पाटीवर लिहून भिंतीवर लावावा. आमच्या मंडळाने या श्रावणापासून प्रत्येक वेळी तबला लावून घेण्याचे शंभर रुपये द्यायचे ठरवले आहे. पहिल्यांदा कारागिराने ते परत केले. दुसऱ्या वेळी घेतले.

आपला,
भजनी मंडळातील एक तबलावादक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर