लपवणाऱ्यांचे कौतुक, बोलणाऱ्याची उपेक्षा

माननीय संपादक,

पेडण्यातील रेती प्रकरणातल्या कुटुंबावरचा आपला कालचा लेख वाचला. फरारी थोरल्याला माळ्यावर लपवून जेवू घालणाऱ्या आईच्या मायेवर आपल्या प्रतिनिधीने दोन स्तंभ खर्ची घातले. भावाविरुद्ध जबानी देणाऱ्या धाकट्याची मात्र ‘जमिनीच्या वादातून’ एवढ्यावर बोळवण केली. गोव्यात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर भावाभावांची नावे एकत्र नाहीत असे घर प्रतिनिधींनी दाखवावेच. भाऊ तुरुंगात गेला म्हणून त्याचा वाटा काही धाकट्याला मिळत नाही.

आईवर गुन्हा नोंदवणे आपल्याला अमानुष वाटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ मध्ये आरोपीला आसरा देणाऱ्या पती-पत्नीला सूट आहे, आईला नाही. हा भेद खटकत असेल तर जरूर लिहावे, पण त्याचा राग धाकट्यावर कशाला?

माझ्या वडिलांनी देवळाची फंडपेटी फोडल्याच्या प्रकरणात सख्ख्या पुतण्याविरुद्ध जबानी दिली होती. ठाण्यात सकाळी सांगितलेले शब्द संध्याकाळी आमच्याच पडवीत येऊन नातेवाइकांनी त्यांना जसेच्या तसे ऐकवले. ते तिथवर कोणी पोहोचवले, हे विचारण्याची सोय नव्हती. त्या गणेशचवथीला मूळ घरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखाली, सगळे उभे असताना आरतीचे तबक वडिलांच्या शेजारच्यापर्यंत आले आणि तेथूनच मागे वळले. पुढे इतर साक्षीदार फितूर झाले, पुतण्या सुटला आणि खोटे ठरले ते वडीलच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करण्याची तरतूद त्यात आहे, आणि फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३९८ ने तर राज्यांना अशी योजना अधिसूचित करणे बंधनकारकच केले आहे. असा अर्ज करता येतो हे धाकट्याला कोणी सांगितले का, एवढा एक प्रश्न पोलिसांना विचारला असता तर मायेच्या वर्णनातील चार ओळी कमी झाल्या असत्या, इतकेच. उलट आपण त्याच्या वाड्याचे, म्हणजे वस्तीचे, नावही छापून मोकळे झालात.

आणि त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर जत्रेच्या शुभेच्छा देणाऱ्या, हात जोडलेल्या ज्या मंडळींची रंगीत जाहिरात आहे, त्यांपैकी दोघांची नावे आपल्याच पहिल्या पानावर ‘संशयित’ म्हणून आहेत. ती जाहिरात घेताना कार्यालयात कोणी पहिले पान वाचले होते का?

आपला,
एक जुना वर्गणीदार, डिचोली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये, कारण वर आलेच आहे.)